पत्र्याच्या खोलीतले पहिले वॉटर कूलिंग: प्रोसेसर राहू द्या, आधी कार्ड

सांगलीच्या गावभागातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मशीनमध्ये रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०७० टीआय सुपर ग्राफिक्स कार्ड आहे. २०१९ च्या पुरात तळमजला पाण्यात गेला, तेव्हापासून किमती वस्तू वरच्या पत्र्याच्या खोलीत असतात आणि कॉम्प्युटरही तिथेच आहे. एप्रिलमध्ये गेम खेळताना कार्ड ८३ डिग्रीपर्यंत जाते, पंख्यांचा आवाज खालपर्यंत ऐकू येतो. बजेट साधारण ५५ हजार. बेत असा, की यंदा प्रोसेसरला २४० मिलिमीटरचा रेडिएटर लावून कस्टम लूप, म्हणजे पंप, नळ्या, रेडिएटर सुटे घेऊन स्वतः जोडलेले पाण्याचे कूलिंग, करायचा आणि पुढच्या वर्षी त्यातच कार्ड जोडायचे. हे जमेल का, पाणी कोणते घालायचे आणि पावसाळ्यात नळ्यांवर दव धरून मदरबोर्ड उडेल का, असे तीन प्रश्न.

मी मिरजेत मशीन जोडणीचे आणि दुरुस्तीचे काम करतो. कस्टम लूप बसवणे आणि त्याहून जास्त वेळा दुसऱ्यांनी बसवलेले उघडून साफ करणे, हे माझ्या कामात नेहमीचे आहे. तुमच्या बेतातली हौस मला समजते आणि ती मोडायची नाही. पण क्रम उलटा लागला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा त्रास प्रोसेसरचा नाहीच. ७८००एक्स३डी वर १२० वॉट लिहिलेले असले तरी गेम खेळताना तो बहुतेक वेळा त्याच्या बऱ्याच खाली, ५० ते ८० वॉटच्या आसपास चालतो. चांगल्या टॉवर कूलरला, म्हणजे पंख्याच्या उभ्या हवेच्या कूलरला, एवढे काहीच नाही. शिवाय या प्रोसेसरमध्ये उष्णता एका छोट्या चिपमधून जाड झाकणाखालून बाहेर येते, त्यामुळे वर हवेचा कूलर असो की पाण्याचा ब्लॉक (चिपवर बसणारा, आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा), फरक थोडाच पडतो. कार्डचे तसे नाही. ते एकटे २८५ वॉट खाते, त्याची चिप मोठी आहे, उघडी आहे आणि ब्लॉक थेट तिच्यावर बसतो. पाण्याचा खरा फायदा तिथे मिळतो. यंदा प्रोसेसरवर पैसे घातलेत तर एप्रिलमध्ये कार्ड तिथेच ८३ वर असेल आणि आवाजही तेवढाच राहील.

आता पत्र्याच्या खोलीचे. पाणी उष्णता संपवत नाही, फक्त एका जागेवरून उचलून रेडिएटरपर्यंत नेते. उसाची ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्येही पाणी असते, पण समोरून वारा मिळाला तरच ते निवते. त्यामुळे लूपमधले पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड कधीच होत नाही, नेहमी काही डिग्री वरच राहते. ते किती वर राहील हे रेडिएटरच्या आकारावर आणि पंख्याच्या वेगावर ठरते.

मी वापरतो तो ढोबळ हिशेब सांगतो. साधारण ३० मिलिमीटर जाडीचा रेडिएटर आणि हळू, म्हणजे हजारेक आरपीएमवर फिरणारे पंखे असतील, तर १२० मिलिमीटरचा प्रत्येक खण, म्हणजे एका पंख्याएवढा भाग, हवेपेक्षा पाणी १० डिग्री गरम असताना ७० वॉटच्या आसपास उष्णता बाहेर टाकतो. पंखे जोरात लावले तर आकडा वाढतो, पण मग आवाज परत आला. तुमचे कार्ड २८५, प्रोसेसर ७५, पंपाचे २० धरा. झाले ३८० वॉट. २४० च्या रेडिएटरमध्ये खण दोन, म्हणजे शांत पंख्यांवर १४० वॉट. ३८० वॉट बाहेर टाकायला पाण्याला हवेच्या २७ डिग्री वर जावे लागेल. खोली ३६ डिग्री असेल तर पाणी ६३. लूपमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या डी५ पंपाची मर्यादा ६० डिग्रीची असते. म्हणजे पुढच्या वर्षी त्याच लूपमध्ये कार्ड जोडलेत की रेडिएटर नव्याने घ्यावा लागेल, नळ्या नव्याने कापाव्या लागतील आणि यंदाची निम्मी खरेदी बाजूला पडेल.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी फुकटातल्या दोन गोष्टी करून बघा. पहिली, कार्डची पॉवर लिमिट, म्हणजे ते जास्तीत जास्त किती वीज खाईल ती मर्यादा, ८० टक्क्यांवर आणा. २८५ चे २२८ वॉट होतात आणि गेमचा वेग काही टक्क्यांनीच उतरतो. खेळताना तो डोळ्याला जाणवत नाही. अंडरव्होल्ट, म्हणजे चिपला मिळणारे व्होल्टेज कमी करता येत असेल तर त्याहून चांगले, पण त्यात प्रत्येक कार्डचा स्वभाव वेगळा असतो, सावकाश तपासत जावे लागते. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर फ्रेमही तिथेच बांधून टाका. त्याच्या वरच्या फ्रेम पडद्यावर पूर्ण दिसत नाहीत, उष्णता मात्र पूर्ण देतात.

दुसरी गोष्ट खोलीची. कृष्णेला पूर येतो तो जुलै-ऑगस्टमध्ये. २०१९ चा ऑगस्टमध्ये होता, २०२१ चा जुलैमध्ये. पत्रा तापतो तो मार्च ते मे. या दोन्ही गोष्टी एका वेळी होत नाहीत. मग उन्हाळ्याचे तीन महिने मशीन खालच्या खोलीत आणि जून लागताच वर, असे का नको? खालची आणि पत्र्याखालची खोली यांत दुपारी चार ते सहा डिग्रीचा फरक सहज असतो आणि तो पुढे पाण्याच्या आणि चिपच्या तापमानात जसाच्या तसा उतरतो. एवढा फरक विकत घ्यायला गेलात तर एक आख्खा रेडिएटर वाढवावा लागतो. खाली जागाच नसेल तर वरच्या खोलीत निदान एक एक्झॉस्ट पंखा बसवा. मशीन ओतत असलेले साडेतीनशे वॉट त्या खोलीतच साठत असतात, मग कूलिंग हवेचे असो की पाण्याचे. खोलीत हवेसाठी पाण्याचा कूलर लावत असाल तर हरकत नाही, फक्त झोत थेट कॅबिनेटवर मारू नका. कूलरमध्ये बोअरचे पाणी असेल तर बारीक तुषारांबरोबर क्षारही आत जातो.

हे करूनही लूप करायचाच असेल, तर माझे मत ठाम आहे. पहिल्या लूपमध्ये फक्त कार्ड घ्या. प्रोसेसर आहे त्या कूलरवर राहू द्या. काही जण म्हणतील लूप करायचा तर पूर्ण करा, दिसायलाही बरे. दिसण्याचा मुद्दा मी नाकारत नाही, पैसे तुमचे आणि आनंदही तुमचा. पण पहिल्यांदा करताना सांधे जितके कमी तितके चांगले. बोर्डावर प्रोसेसरच्या अंगाला पाण्याचा एकही सांधा नसला की रात्री झोपही नीट लागते.

हिशेब पुन्हा मांडू. कार्ड पूर्ण २८५ वर, पंपाचे २०, एकूण ३०५ वॉट. पुढे ३६० चा आणि वर २४० चा असे दोन रेडिएटर घेतले तर खण पाच, म्हणजे शांत पंख्यांवर ३५० वॉट. पाणी हवेच्या नऊएक डिग्री वर राहील. खोली ३६ तर पाणी ४५. चांगला ब्लॉक नीट बसला असेल तर कार्डची चिप पाण्यापेक्षा साधारण १० ते १५ डिग्री वर असते, म्हणजे ६० च्या आसपास. तुमच्या ८३ शी ताडून बघा, तेही पंखे जेमतेम ऐकू येत असताना. कॅबिनेट लहान असेल आणि एकच ३६० बसत असेल, तर पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर ठेवून तेही चालते. पाणी हवेच्या १२ डिग्री वर जाईल, इतकेच. मात्र एकट्या २४० वर या खोलीत जाऊ नका.

कॅबिनेट मोजताना रेडिएटर आणि पंखा यांची जाडी एकत्र धरायची. ३० आणि २५, झाले ५५ मिलिमीटर. वरच्या बाजूला रॅमच्या पट्ट्या आणि बोर्डचे हीटसिंक तिथेच आडवे येतात. ‘३६० सपोर्ट’ असे खोक्यावर छापलेले असते ते बऱ्याचदा पातळ रेडिएटर धरून. माझ्याकडे येणाऱ्या अर्धवट राहिलेल्या लूपमध्ये सगळ्यात जास्त अडलेले काम हेच असते.

ब्लॉक निवडताना ‘४०७० टीआय सुपर’ एवढेच बघून मागवू नका. ब्लॉक चिपला नव्हे, तर त्या कार्डच्या बोर्डला बसतो, आणि एकाच चिपचे कार्ड वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या बोर्डवर काढतात. कार्डच्या मागच्या स्टिकरवरचे पूर्ण मॉडेल घेऊन ब्लॉकवाल्या कंपनीच्या यादीशी ताडून बघा. तुमच्या कार्डला ब्लॉकच निघत नसेल, तर हा सगळा बेत तिथेच थांबतो. म्हणून हे पहिल्याच दिवशी बघायचे. दुसरे, कार्डचा मूळ कूलर काढला तर वॉरंटी राहते का, हे विक्रेत्याला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी ‘चालतंय की’ उपयोगाचे नाही. काढलेला कूलर, त्याचे स्क्रू आणि पॅड एका खोक्यात नीट भरून ठेवा.

नळी मऊच घ्या. वर्षातून दोनदा जिन्यावरून मशीन वरखाली करायचे असेल तर कडक नळीचा विचारही नको. धक्क्याने तिचा सांधा सुटू शकतो. शिवाय पेटजी प्लास्टिकच्या कडक नळीवर पाणी पन्नासच्या पुढे गेले की मी भरवसा ठेवत नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात पंचेचाळीस तर धरलेलेच आहेत. ईपीडीएम रबराची काळी नळी दिसायला साधी असते, पण पारदर्शक पीव्हीसी नळीतून निघणारा चिकट थर ब्लॉकच्या बारीक खाचांत बसतो, तो प्रकार हिच्यात नाही. माप १०/१६ चे घ्या, म्हणजे आतून १० आणि बाहेरून १६ मिलिमीटर. जाड भिंतीमुळे ती वळणावर दुमडत नाही. फिटिंग, म्हणजे नळीचे जोड, मागवताना हे दोन्ही आकडे जुळले पाहिजेत, १०/१३ चे फिटिंग १०/१६ च्या नळीला बसत नाही.

फिटिंगचा खर्च नवख्या माणसाच्या अंदाजात कधीच नसतो. कार्डला दोन, रेडिएटरला चार, पंप-टाकीला दोन, अशी आठ झाली. वर ड्रेनसाठी एक टी, एक बॉल व्हॉल्व्ह आणि वळणासाठी तीन-चार अँगल. हे सगळे मिळून ब्लॉकच्या किमतीजवळ पोहोचू शकते. दोन फिटिंग आणि मूठभर ओ-रिंग (सांध्यातल्या रबरी कड्या) जास्तीच्या घ्याच. सांगली-मिरजेत जी १/४, म्हणजे लूपमध्ये लागणाऱ्या आट्यांचे, फिटिंग दुकानात जाऊन मिळण्याची आशा नको. एक ओ-रिंग चिरली तर पुण्याहून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुरियर येईपर्यंत मशीन उघडे पडून राहते.

आणि टेफ्लॉन टेप लावू नका. नळाचे काम पाहिलेल्या प्रत्येकाचा हात आधी तिकडे जातो. हे आटे सरळ असतात, पाणी ओ-रिंग अडवते, आटे नाही. टेप लावून पान्ह्याने आवळले की ॲक्रिलिकच्या टाकीला तडा जातो. हाताने घट्ट, एवढे पुरते.

जोडणीचा क्रम कार्ड आधी की रेडिएटर आधी, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल तर ३०५ वॉटने ते एका फेरीत जेमतेम एक डिग्री तापते. म्हणजे लूपमध्ये कुठेही बोट ठेवा, तापमान जवळपास तेच. नळी आखूड आणि सोपी जाईल तसे जोडा. एकच नियम पाळा, टाकी पंपाच्या लगेच आधी आणि त्याच्या वर. डी५ सारख्या पंपाला आतले पाणीच वंगण असते, तो कोरडा फिरला की खराब होतो. सगळ्यात खालच्या जागी ड्रेनचा व्हॉल्व्ह ठेवा. नाहीतर वर्षाने पाणी बदलताना भरलेले मशीन आडवे-तिडवे करावे लागते, आणि सांडते ते तेव्हाच.

आता पाणी. पहिल्या लूपला तयार, पारदर्शक, बिनरंगी कूलंट घ्या. त्यात गंज आणि शेवाळ रोखणारी द्रव्ये मापात असतात. दुधी किंवा चमकणारे रंगीत कूलंट फोटोत छान दिसते, पण त्यातले कण कालांतराने ब्लॉकच्या खाचांत बसतात. घरच्या आरओचे पाणी नको, त्यात क्षार कमी होतात पण राहतात. बोअरचे तर नावच काढू नका, आपल्याकडची क्षारपड जमीन बघतोच आपण. गॅरेजमध्ये सुटे मिळणाऱ्या बॅटरी वॉटरचीही मला खात्री वाटत नाही, कॅन कशाचा होता हे कोणी सांगत नाही. सीलबंद डिस्टिल्ड वॉटर रेडिएटर धुवायला घ्या. नव्या रेडिएटरच्या आत झाळकामाचा मळ असतो. गरम डिस्टिल्ड पाणी भरून हलवायचे, ओतायचे, आणि स्वच्छ येईपर्यंत परत तेच. हा टप्पा गाळला की तोच मळ महिन्याभरात ब्लॉकमध्ये दिसतो.

धातूंची भेसळ टाळा. ब्लॉक तांब्याचा किंवा निकेल चढवलेल्या तांब्याचा असतो. ऑनलाइन फार स्वस्तात दिसणारे रेडिएटर बऱ्याचदा ॲल्युमिनियमचे असतात. तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजू लागते. कूलंटमधल्या द्रव्याने ते हळू होते, थांबत नाही. वर्णनात तांबे किंवा पितळ असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर घेऊ नका.

दवाची भीती मनातून काढून टाका. दव धरायला पृष्ठभाग हवेपेक्षा थंड लागतो, आणि तुमच्या लूपमधले पाणी कायम हवेपेक्षा गरमच असणार. जुलैच्या दमट हवेतही नळी कोरडीच राहते. लाइट गेली की पंप आणि कार्ड एकदमच थांबतात, त्यानेही काही बिघडत नाही.

धुळीची भीती मात्र खरी आहे. गाळप हंगामात बॉयलरची काजळी पत्र्यावर बसते, तीच खिडकीतून आत येऊन रेडिएटरच्या पात्यांत अडकते. नोव्हेंबर ते मार्च, महिन्यातून एकदा फिल्टर धुवा. रेडिएटरला हवा ज्या बाजूने आत जाते त्याच्या उलट बाजूने ब्लोअर मारा. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, ब्लोअरच्या वाऱ्याने ते भन्नाट फिरू देऊ नका.

भरल्यावर लगेच मशीन सुरू करायचे नाही. बोर्ड, कार्ड, सगळ्याच्या वायरी काढून वीज फक्त पंपाला द्या, शक्यतो वेगळ्या जुन्या पॉवर सप्लायवरून. त्याच्या २४ पिनच्या जोडातली पीएस-ऑनची पिन, बहुतेक सप्लायमध्ये हिरवी वायर, शेजारच्या काळीला जोडली की तो बोर्डाशिवाय सुरू होतो. मात्र पिन कोणती हे आधी त्या सप्लायच्या आकृतीत बघून घ्या. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवा आणि पंप चोवीस तास फिरू द्या. टाकीतली पातळी उतरत जाईल, ती आतली हवा निघते म्हणून. पाणी वाढवत राहा. हवेच्या दाबाचा लीक टेस्टर मिळत असेल तर तो पाणी भरण्याआधी वापरा, अर्ध्या बारच्या पुढे न जाता. काटा पंधरा-वीस मिनिटे जागचा हलला नाही की निर्धास्त पाणी भरा.

पंख्यांचा वेग पाण्याच्या तापमानावर बांधा, चिपच्या नाही. चिप सेकंदात वर-खाली होते आणि पंखे उगाच घोंघावत राहतात. पाणी सावकाश बदलते. त्यासाठी लूपमध्ये एक तापमान सेन्सर लागतो आणि बोर्डावर त्याची दोन पिनची जागा लागते, तुमच्या बोर्डाच्या पुस्तिकेत ती आहे का बघा. नसेल तर वेगळा कंट्रोलर येतो, तो खर्च आधीच धरा. आणि निकाल बघायचा तर पहिल्या पाच मिनिटांचा आकडा खरा मानू नका. खोलीचे दार नेहमी असते तसे ठेवून तासभर खेळा, मग पाणी आणि खोली दोन्हींचे तापमान लिहा.

एक पैचीही खरेदी करण्याआधी चार गोष्टी कळवा: कार्डच्या स्टिकरवरचे पूर्ण मॉडेल, कॅबिनेटचे नाव, रात्री नऊ वाजता मशीन चालू असताना टेबलाजवळचे तापमान, आणि पॉवर लिमिट ८० वर आणून चार दिवस खेळल्यावर कार्ड किती डिग्रीवर थांबते. शेवटचा आकडा ७२-७३ आला आणि आवाजही सहन होण्याइतका उतरला, तर मी तुम्हाला लूप यंदा करू नका असेच सांगेन.